बारा कोप्या, बारा गोधड्या



"तुमचा गोधड्यांचा उद्योग नेमका चालतो कसा?" असं बऱ्याच जणी विचारत असतात. म्हणून या वेळी येळवशीच्या आठवड्याचा हिशेबच मांडते. बी.कॉम. केलेल्या बाईला हिशेबाशिवाय दुसरं येतं तरी काय! आधी एक सांगून टाकते. आमचं शिरूर म्हणजे शिरूर अनंतपाळ, लातूर जिल्ह्यातलं. नगर रस्त्यावरचं पुण्याजवळचं शिरूर नव्हे, बीडचं शिरूर कासार नव्हे आणि आमच्याच जिल्ह्यातलं शिरूर ताजबंदही नव्हे. मागे एका मैत्रिणीनं साड्यांचं गाठोडं भलत्याच शिरूरला पाठवलं होतं, म्हणून हा खुलासा.

आम्ही सात जणी आहोत. सगळ्या साठीच्या आसपासच्या, एक सत्तरीची. दिवाळीत वीरनिर्वाणाचा लाडू चढवला की जुन्या सुती साड्या आणि लुगडी गोळा करायला लागतो. दुपारी एक ते पाच एवढीच आमची बैठक. दिवस मावळायच्या आत घरी जाऊन जेवायचं असतं, आणि दिव्याखाली शिवण करायचं नाही हा सासूबाईंच्या वेळचा नियम आहे. दिव्यावर किडे-पाखरं येतात, ती सुईखाली किंवा कापडाखाली सापडतात. आता बल्ब आले तरी पाखरं यायची थांबलेली नाहीत, म्हणून नियमही तोच.

यंदा आमच्याकडे आकडा पक्का होता. गावाबाहेर एका शेतकऱ्याच्या माळावर ऊसतोड कामगारांचा तळ पडला आहे. आमच्या ह्यांनी मोजून आणलं होतं: कोप्या बारा, तान्ही आणि लहान लेकरं चार. म्हणजे मोठ्या गोधड्या बारा आणि लहान दुपटी चार. आठवडा सुरू झाला तेव्हा अकरा मोठ्या हातावेगळ्या झाल्या होत्या. एक मोठी आणि चारही दुपटी बाकी होती.

सोमवार. मार्गशीर्ष वद्य एकादशी. उत्तरेकडच्या पंचांगात हीच पौष कृष्ण एकादशी, म्हणजे पार्श्वनाथ भगवंतांचा जन्मकल्याणक. सकाळी मंदिरात अभिषेक झाला, पाळणा झाला. कमठाच्या उपसर्गाची गोष्ट लहानपणापासून किती वेळा ऐकली असेल. कमठ मुसळधार पाऊस आणि दगडांचा मारा करतो, भगवंत ध्यानातून हलत नाहीत, आणि धरणेंद्र येऊन त्यांच्यावर फणा धरतो. यंदा ऐकताना मनात आलं, धरणेंद्रानं केलं काय? पांघरूणच तर घातलं! भगवंतांना त्याची गरज नव्हती, ते अढळच होते. पण पाहणाऱ्याला राहवलं नाही. ज्या सापांच्या जोडीला जळत्या लाकडातून बाहेर काढून पार्श्वकुमारांनी शेवटच्या क्षणी धीर दिला, तीच पुढे धरणेंद्र-पद्मावती झाली. केलेलं पांघरूण असं फिरून येतं.

दुपारी शेवटची मोठी गोधडी घातली. ज्यांनी कधी केली नाही त्यांच्यासाठी सांगते. खाली अख्खी साडी अस्तर म्हणून ताणून पसरायची, चारी कोपऱ्यांवर वजन ठेवायचं. वर जुन्या साड्यांचे थर, सुरकुती राहू न देता. सगळ्यात वर चांगले तुकडे रंग बघून जुळवायचे. मग कडेपासून धावदोरा घालत आत आत यायचं, चौकोनात चौकोन, मधोमध पोचेपर्यंत. चौघी चार बाजूंना बसतात. एकीचा टाका मोठा पडला की दुसरी लगेच बोलते. रेशीम आम्ही एकाही थरात घालत नाही. कोषातला जीव उकळून काढलेला धागा, तो दानाच्या वस्तूत कशाला!

मंगळवार. लातूरला गेले, गंजगोलाईत. मध्ये गोल इमारत आणि भोवती फुटलेले सोळा रस्ते. माझं माहेर कापडवाल्यांचं, त्यामुळे कापडाच्या गल्लीत गेले की पाय निघत नाही. दोऱ्याची रिळं घ्यायची होती, आणि धाकट्या दिरांनी दिलेल्या तीन हजारांचं काय करायचं तेही ठरवायचं होतं.

त्याची गोष्ट अशी. दीर मागच्या आठवड्यात मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही बी.कॉम. ना? मग हिशेब करा. बाजारात पानिपतचं ब्लँकेट अडीचशेला येतं. बारा ब्लँकेटांचे तीन हजार. एका दिवसात काम होतं. तुम्ही महिनाभर डोळे फोडता कशाला?"

प्रश्न रास्त होता, म्हणून मी खरंच कागद घेतला. एका मोठ्या गोधडीला आमचे मिळून अठ्ठेचाळीस तास जातात. आठ तासांचा दिवस धरला तर सहा दिवस. शेतात बाईला तीनशे रुपये रोज धरला, तर मजुरी अठराशे. दोरा आणि लागलं तर विकतचं अस्तर दीडशे. साड्या फुकटच्या. म्हणजे एक गोधडी एकोणीसशे पन्नासला पडली. बारांचे झाले तेवीस हजार चारशे. तीन हजारांच्या जागी तेवीस हजार! कोणताही लेखापाल म्हणेल की हा धंदा आजच बंद करा.

मग मी खालची बाजू लिहिली. स्वस्तातलं ब्लँकेट कृत्रिम धाग्याचं असतं. ते अंगावर ऊब देतं, पण खालच्या गारठ्याला अडवत नाही, आणि कोपीत माणूस जमिनीवर निजतो. गोधडी अंगावर घेता येते आणि अंगाखालीही घालता येते. कोपीच्या तोंडाशी चूल असते. ठिणगी पडली तर सुती कापडही जळतं, पण प्लॅस्टिकसारखं वितळून लेकराच्या कातडीला चिकटत नाही. शिवाय ब्लँकेट विरलं की संपलं. गोधडी विरली की तिच्यावर आणखी एक लुगडं घालून पुन्हा टाके घालतात, तीच गोधडी आणखी दहा वर्षं चालते.

आणि एक रकाना असा, जो खतावणीत बसत नाही. आमच्यातल्या सत्तरीच्या काकू एकट्या राहतात. मुलं हैदराबादला. दुपारी एक ते पाच त्यांना माणसांत बसायला मिळतं. त्या चार तासांची किंमत कुठल्या खात्यात लिहू? तो हिशेब मी दिरांना दाखवला. त्यांनी वाचला, हसले, आणि तीन हजार तरीही काढून दिले. "ब्लँकेट नको तर तुम्हाला हवं ते घ्या." गंजगोलाईत त्या पैशांत बारा जाड ताडपत्र्या घेतल्या, गोधडीखाली अंथरायला. ओल वर आली तर गोधडी आठवड्यात कुजते. म्हणजे दिरांचं आणि आमचं, दोघांचंही खरं ठरलं.

बुधवार. चार दुपटी घातली. लहान लेकराला कापड मऊ लागतं, फार धुतलेलं. तेच कमी पडलं. आमच्या धाकट्या जाऊबाईंच्या ट्रंकेत सासूबाईंचं एक इरकल लुगडं आहे, नऊवारी, काळपट जांभळं. सासूबाईंना जाऊन नऊ वर्षं झाली. एकीनं सहज म्हटलं, "ते इरकल असतं तर दोन दुपटी निघाली असती बघा." जाऊबाई काही बोलल्या नाहीत. सुई खाली ठेवून पाणी प्यायला गेल्या.

मला कारण ठाऊक आहे. त्या नवीन लग्न होऊन आल्या त्याच्या दुसऱ्या वर्षी त्यांचं पहिलं बाळ गेलं, जन्मताच. थंडीचे दिवस होते. सासूबाईंनी अंगावरचं तेच इरकल सोडून त्यांच्याभोवती गुंडाळलं आणि रात्रभर उशाशी बसून णमोकार म्हणत राहिल्या. जाऊबाई ते लुगडं वर्षातून एकदा उन्हात घालतात, कडुलिंबाचा पाला घालून पुन्हा ठेवतात. मी विषय बदलला. दुपट्यांसाठी आमच्या ह्यांची जुनी धोतरं निघाली, काम भागलं.

गुरुवार. चतुर्दशी. माझं एकाशन होतं. सकाळी स्वाध्यायाला बसलो तेव्हा मी विचारलं, आपल्याकडे दानं चार: आहार, औषध, शास्त्र आणि अभय. वस्त्र त्यात कुठं? आमच्यात वाचन करणाऱ्या ताईंनी सांगितलं की ही चार दानं प्रामुख्यानं सत्पात्राला द्यायची, आणि दिगंबर मुनींना तर वस्त्र लागतच नाही. गरजवंताला करुणेनं देतात ते करुणादान. मग दुसरी म्हणाली, "थंडीनं लेकरू दगावू नये म्हणून घातलेली गोधडी हे अभयदानच की!" दोघींचंही मला पटलं.

त्यावरून सासूबाईंचा एक नियम सगळ्यांना सांगितला, तुम्हालाही सांगते. १९९३ साली दशलक्षण पर्वाचा शेवटचा दिवस, अनंत चतुर्दशी, २९ सप्टेंबरला होती. रात्री गावोगाव गणपती बोळवून लोक झोपले आणि पहाटे, ३० सप्टेंबरला, चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. आम्ही सगळे घराबाहेर पळालो. आमच्याकडे भिंती तडकण्यावर निभावलं, पण औसा-उमरग्याकडची गावंच्या गावं गेली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. आपल्या समाजातून शांतिलालजी मुथ्थांच्या भारतीय जैन संघटनेनं तिथल्या सुमारे बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेलं, हे तुम्हाला माहीत असेल. तेव्हा घरोघरी कपडे गोळा होत होते. लोक फाटकं, मळकं, बटणं तुटलेलं असं सगळं गाठोड्यात टाकायचे. सासूबाईंनी आमच्या दारातलं गाठोडं सोडलं, निम्मं बाजूला काढलं आणि म्हणाल्या, "जे आपल्या लेकीच्या अंगावर घालणार नाही, ते कुणाच्याच अंगावर घालायचं नाही." आणि स्वतःच्या ट्रंकेतली चांगली लुगडी काढून गोधड्या घालायला बसल्या. आमच्या या कामाची सुरुवात ती.

म्हणून आम्ही आलेली प्रत्येक साडी आधी धुतो, उन्हात घालतो, उजेडावर धरून पाहतो. विरलेली असेल तर मधल्या थरात. डाग असेल तर पुसण्याला. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात धुवायला पाणीच नव्हतं, म्हणून एकही साडी घेतली नाही. न धुतलेलं द्यायचं नाही म्हणजे नाही.

त्या दुपारी पाच वाजता बारावी गोधडी आणि चौथं दुपटं पुरं झालं. संध्याकाळी पुण्याहून मुलगा, सून आणि आठ वर्षांची नात आली.

शुक्रवार. येळवस! वेळा अमावस्या लातूर-धाराशिवकडच्या बायकांना सांगायला नको, पण बाहेरच्यांना सांगते: त्या दिवशी आमच्याकडे गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. दुकानं बंद, रस्ते रिकामे. ज्याला शेत नाही त्याला शेतवाले आग्रहानं बोलावतात. आम्हीही ओळखीच्या शेतावर गेलो. ज्वारीच्या कडब्याची कोप उभी केलेली, आत पाच पांडवांचे चुना लावलेले दगड, त्यांची पूजा, आणि मग जेवण. बाजरीचे उंडे, ज्वारीची भाकरी, गव्हाची खीर, आंबील आणि भज्जी. भज्जी म्हणजे तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे ओले दाणे, मेथी, चुका, सगळं बेसनात शिजवलेलं.

शेतकरीणबाई दरवर्षी आमच्यासाठी वेगळी कढई ठेवतात. कांदा-लसूण नाही, गाजर नाही. आंबील रात्रीची आंबवलेली म्हणून आम्ही घेत नाही, तर सकाळचं ताजं ताक ठेवतात. मी कधी सांगितलं नव्हतं, त्यांच्या सासूनं त्यांना सांगून ठेवलं होतं. पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार म्हणतात तो हा. संध्याकाळी पिकाभोवती हेंडगा फिरवतात, पण आम्ही त्याआधीच निघालो.

येताना वाटेत ऊसतोडीचा तळ लागला. पाचटाच्या आणि प्लॅस्टिकच्या कोप्या. नात म्हणाली, "आजी, यांची पण येळवस आहे का? यांनी पण कोप केली." मी म्हटलं, "बाळा, यांची कोप एका दिवसाची नाही. ही पाच-सहा महिन्यांची आहे." ती खिडकीतून बघत राहिली. घरी येईपर्यंत काही बोलली नाही. एकच शब्द, दोन तऱ्हेचं घर. मलाही त्या दिवसापर्यंत तसं कधी जाणवलं नव्हतं.

शनिवार. मुलाची गाडी होती, म्हणून सगळे धाराशिवला गेलो, लेण्यांना. मुख्य लेण्यात पार्श्वनाथ भगवंतांची मूर्ती आहे, पद्मासनातली. एकादशीचा जन्मकल्याणक नुकताच झालेला, त्यामुळे दर्शन फार मनाला लागलं. तिथून तेरला. तेर म्हणजे संत गोरोबाकाकांचं गाव एवढंच सुनेला माहीत होतं. पण हेच प्राचीन तगर. दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक भाषेतल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवलंय की तगरहून साधं सुती कापड आणि मलमल गाड्यांत भरून भडोचच्या बंदराला जायची आणि तिथून समुद्रापार. मी नातीला म्हटलं, "आपल्या भागातलं सुती कापड तेव्हाही परदेशी अंगावर होतं." ती म्हणाली, "मग त्यांनी पण गोधड्या केल्या असतील जुनं झाल्यावर." पोरीचं डोकं चालतं.

गाडीत सुनेनं हळूच विचारलं, "आई, काकूंकडचं आजींचं इरकल मला मिळेल का? पुण्यात अशा लुगड्यांच्या गोधड्या हजारोंना विकतात. मी वापरीन, जपून ठेवीन." मागणं वावगं नव्हतं, आजेसासूची आठवण तिलाही हवी. मी एवढंच म्हटलं, "ते माझं नाही. तुझ्या काकूंचं आहे."

रविवार. सकाळी नऊला ट्रॅक्टरमधून बारा गोधड्या, बारा ताडपत्र्या आणि चार दुपटी घेऊन तळावर गेलो. नात आणि सूनही आल्या. ही माणसं बहुतेक बीडकडची. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे अंधारात फडात जातात. बाप्ये उसात होते, त्या दिवशी चार-पाच बायका मागे होत्या.

आम्ही रांग लावत नाही, फोटो काढत नाही. प्रत्येक कोपीपाशी जायचं, बसायचं, गोधडी हातात द्यायची. तिसऱ्या कोपीतली बाई गोधडी उलटीपालटी करून बघत होती. टाके मोजल्यासारखी. म्हणाली, "हातानं घातलीय? माझी आय अशीच घालायची." मग आत गेली आणि वाढ्याची मोठी पेंडी घेऊन आली. "फुकट नगं, बाई. गायीला न्या." आमच्यातली एक नको नको म्हणायला लागली. मी तिला डोळ्यानं थांबवलं आणि पेंडी घेतली. वाढं हीच त्यांची वरकमाई, विकून दोन पैसे मिळतात. तिनं ते दिलं, तेव्हा ती घेणारी राहिली नाही, देणारी झाली. आपल्या जैन प्रतीकाखाली जीवांनी एकमेकांना उपकारक व्हावं असं सांगणारं तत्त्वार्थसूत्रातलं सूत्र लिहिलेलं असतं. महावीर भगवंतांच्या २५०० व्या निर्वाणवर्षात, १९७४-७५ साली, ते प्रतीक सर्वांनी स्वीकारलं तेव्हा मी शाळेत होते. त्यातलं 'एकमेकांना' मला त्या पेंडीत दिसलं. खतावणीत प्रत्येक नावेला जमा असतेच.

शेवटच्या कोपीपाशी एक पोरगी बसली होती, विशीचीही नसेल, दिवस भरत आलेले. माघात होईल म्हणाली. आमच्या यादीत लेकरं चार होती, हे पाचवं अजून जन्मायचं होतं, म्हणून मोजलं गेलं नव्हतं. तिनं मोठी गोधडी घेतली, दुपट्यांकडे पाहिलं, काही मागितलं नाही. जाऊबाई तिच्याशेजारी बसल्या. "पहिलटकरीण का गं?" विचारलं. "दुसरं," ती म्हणाली, "पहिलं ऱ्हायलं न्हाई." जाऊबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. परतीच्या वाटेत त्या कुणाशी बोलल्या नाहीत.

मुलगा-सून दुपारी पुण्याला निघाले. वाढ्याची पेंडी शेजारच्या गायीला घातली.

हे लिहीत असताना पुन्हा सोमवार आहे. आज दुपारी बैठकीला सुट्टी होती, तरी जाऊबाई आल्या, हातात कापडाची घडी. इरकल. पदर-काठांचं रेशीम त्यांनी घरीच उसवून वेगळं केलं होतं. लुगडं जमिनीवर पसरलं, मधोमध घडी घातली आणि मला म्हणाल्या, "अक्का, अर्धं कापू. अर्धं मला राहू द्या." मी कात्री दिली. कापताना त्यांचा हात थरथरला, पण रेघ सरळ आली. पदराचा रेशमी तुकडा त्यांनी सुनेसाठी बाजूला ठेवला. मी सांगितलं नव्हतं, कदाचित गाडीतलं बोलणं नातीनं पोचवलं असेल. आता दुपट्याचे दोन थर झालेत. माघ लागायच्या आत पुरं करायचं आहे.

सख्यांनो, तुमच्या कपाटातही अशी लुगडी असतील. सगळी द्या असं मी म्हणणार नाही. पण या आठवड्यात एकदा कपाट उघडा. जी साडी दोन वर्षांत नेसली नाही आणि सुती आहे, ती धुऊन उन्हात घाला, उजेडावर धरून बघा, आणि लेकीच्या अंगावर घालाल का हे स्वतःला विचारा. उत्तर 'हो' आलं तर जवळच्या कुठल्याही तळावर, वीटभट्टीवर, बाळंतिणीच्या घरी पोचवा. जमलं तर चौघी मिळून गोधडी घाला. एका मोठ्या गोधडीला अठ्ठेचाळीस तास लागतात, हे आता तुम्हाला माहीतच आहे. चौघींत वाटले की बाराच उरतात.

जय जिनेंद्र.